निर्यातीला दुसरे दार हवे

परदेशांतील बाजार मंदावले, की आपल्याकडे पहिली विचारणा होते ती राज्याची निर्यात किती घटली याची. विचारणा रास्त आहे, पण ती अपुरी आहे. घट नेमकी कोणाच्या पदरी पडली आणि ती सोसण्याचे बळ त्याच्या अंगी होते काय, याचा उलगडा एकूण बेरजेवरून होत नाही. तो व्हावयाचा असेल, तर मुंबईच्या गोदीवरून दृष्टी काढून वाशिष्ठीच्या मुखाशी वसलेल्या अंजनवेलसारख्या गावाकडे ती वळविली पाहिजे.

बेरीज किती फसवी असते, हे मागील मोठ्या मंदीने दाखवून दिले आहे. सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स ही पेढी बुडाली आणि ऑक्टोबरपासून भारताची निर्यात आदल्या वर्षाच्या मानाने महिन्यामागून महिना घसरू लागली. ही घसरण वर्षभर थांबली नाही. डॉलरांत मोजली, तर २००८-०९ मधील सुमारे १८५ अब्जांची निर्यात पुढील वर्षी सुमारे १७९ अब्जांवर आली. तीच रुपयांत मोजली, तर मात्र ८ लाख ४० हजार कोटींवरून ८ लाख ४५ हजार कोटींवर चढलेली दिसते! रुपया स्वस्त झाल्याचा हा चमत्कार होता. ज्याचा माल गेला त्याला चार पैसे अधिक मिळाले असतील. परंतु ज्याची मागणीच रद्द झाली, त्याला विनिमयाच्या दराने काय दिले? त्याचे नुकसान बेरजेत बुडून गेले, एवढेच.

एकाच गिऱ्हाइकावर विसंबून केलेला व्यापार कोठे नेऊन सोडतो, हे मुंबई इलाख्याने दीडशे वर्षांपूर्वीच अनुभवले होते. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ च्या एप्रिलमध्ये युद्ध सरत आले आणि भाव कोसळले. त्या वर्षी १ जुलैला वायद्यांची मुदत भरताच मोठमोठ्या पेढ्या आडव्या झाल्या आणि बँक ऑफ बॉम्बेलाही अखेर आपला कारभार गुंडाळावा लागला. शहराने ही हानी काही वर्षांत भरून काढली. परंतु तेजीत सैल हाताने मिळालेले कर्ज मंदीत आखडले, सावकाराचा तगादा वाढला, आणि सारावाढीने गांजलेल्या दख्खनच्या शेतकऱ्याचा संताप १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात उफाळून आला. निर्यातीतील मंदी बंदरात उतरते खरी, पण तिचा मुक्काम खेड्यात पडतो.

अंजनवेलला हा धडा आपल्याच हयातीत मिळाला. समोरच्या तीरावरील दाभोळ हे एके काळी अरबस्तान-इराणशी व्यापार करणारे बहमनी राज्याचे नामांकित बंदर होते. रशियन प्रवासी निकितिन याने पंधराव्या शतकात त्याची वाखाणणी केली आहे. त्याच खाडीच्या मुखाशी, गोपाळगडाच्या शेजारी, एन्रॉनच्या वीजप्रकल्पाची चिमणी उभी राहिली. डिसेंबर १९९३ मध्ये खरेदीचा करार झाला आणि मे १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला. विकणारा एक, घेणारे वीज मंडळ एक, आणि दर डॉलरशी व इंधनाच्या भावाशी जखडलेला, असा तो व्यवहार होता. रुपया घसरला, नाफ्था महागला, राज्यातील विजेची मागणी अंदाजाइतकी वाढली नाही. मे २००१ मध्ये मंडळाने वीज घेणे थांबविले आणि त्याच वर्षी डिसेंबरात एन्रॉनने दिवाळे काढले. २००५ मध्ये सरकारी कंपन्यांच्या पुढाकाराने रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी स्थापन होईपर्यंत ती यंत्रे मुकी उभी होती. वीज हा निर्यातीचा माल नव्हे, हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु ज्या व्यवहाराला एकच दार असते, त्याचे ते दार बंद झाले की घरातल्यांनी कोठे जावे, हा प्रश्न विजेला आणि आंब्याला सारखाच लागू आहे.

आज अंजनवेलच्या धक्क्यावर परदेशांतून द्रवरूप वायू घेऊन जहाजे येतात आणि रिकामी परत जातात. भोवतालच्या मुलखातला हापूस मात्र परदेशी जाण्यासाठी आधी ट्रकने नवी मुंबईचा रस्ता धरतो. ज्या जागी माल पिकतो, तेथून ज्या दाराने तो बाहेर पडतो ते दार दूर असले, की दाराची किल्लीही दुसऱ्याच्याच हाती राहते. अमेरिकेने २००७ मध्ये आपल्या आंब्याला वाट मोकळी केली. पण किरणोत्सर्गाची प्रक्रिया अमेरिकन निरीक्षकाच्या देखरेखीखाली व्हावी अशी अट घातली. २०२० आणि २०२१ मध्ये साथीमुळे निरीक्षक येऊ शकले नाहीत आणि दोन हंगाम ती निर्यात बंद पडली. त्यापूर्वी १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने फळमाशीचे कारण देऊन ऐन हंगामात दार लावून घेतले होते. बागाईतदार या धक्क्यांतून तगला, तो देशातले गिऱ्हाईक त्याच्या पाठीशी होते म्हणून. मुंबई-पुण्याची घरे हीच त्याची सर्वांत मोठी पेठ होती. हे दुसरे दार नसते, तर काय झाले असते याची कल्पनाच केलेली बरी.

सर्वच मालाला असा आधार नाही. अमेरिकेने २७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत कर लादला, तेव्हा गोठविलेल्या कोळंबीच्या व्यापाऱ्यांना पहिली झळ लागली. कारण या मालाची सर्वांत मोठी पेठ अमेरिकाच आहे आणि देशात तेवढा खप नाही. परकीय सरकारचा कर पुढे वाढो की उतरो, एका सहीसरशी हंगाम बुडू शकतो, हे त्या दिवशी स्पष्ट झाले. उलट, एके काळी कवडीमोल समजल्या जाणाऱ्या राणी माशाचा धुऊन केलेला लगदा, म्हणजेच सुरिमी, रत्नागिरीहून जपानसह अनेक देशांस जातो. टिकेल असे रूप दिलेला माल योग्य भावाची वाट पाहू शकतो. ताज्या मासळीला आणि पिकल्या आंब्याला ती सवड नसते.

एका मोठ्या गिऱ्हाइकाशी व्यवहार सोपा असतो, कागदपत्रे कमी लागतात, पैसा वेळेवर येतो, असे व्यापारी सांगतात. तेजीच्या दिवसांत ते खोटे नाही. लहान बागाईतदाराने वा मच्छीमाराने एकट्याने दहा देशांची दारे ठोठवावीत, असेही कोणी म्हणणार नाही. नेमके म्हणूनच हे काम राज्यसंस्थेचे ठरते. प्रक्रियेची आणि तपासणीची पुरेशी सोय माल जेथे पिकतो तेथेच करावी. शीतगृहे किनाऱ्यावर वाढवावीत. सहकारी संस्थांना नव्या पेठा धुंडाळण्यास भांडवल द्यावे. मागणी अचानक रद्द झाल्यास लहान निर्यातदाराच्या कर्जाची मुदत आपोआप वाढेल, असा नियम मंदी येण्यापूर्वीच करावा. संकट ओढवल्यावर सवलतींची घोषणा करणे म्हणजे वरातीमागून घोडे होय.

आणि एक गोष्ट सरकारने अवश्य करावी. राज्याच्या निर्यातीची बेरीज दरवर्षी अभिमानाने जाहीर होते. तिच्याच जोडीला कोणत्या जिल्ह्याचा कोणता माल किती देशांत गेला आणि त्यातील किती भाग एकाच देशाने घेतला, हेही प्रसिद्ध व्हावे. पहिल्या आकड्यावरून राज्याची श्रीमंती कळेल. दुसऱ्यावरून, पुढची मंदी आली असता कोणाच्या घरची चूल आधी विझेल, ते कळेल. राज्यकर्त्यांना दुसऱ्याची गरज अधिक आहे.