फावल्या वेळातलं वेब

आयर्लंडमधल्या पबमध्ये संध्याकाळी चार-सहा वादक एका टेबलाभोवती बसतात. कुणाकडे फिडल, कुणाकडे बासरी, कुणाकडे बँजो. समोर स्वरलिपीचा कागद सहसा नसतो. एकजण जिग किंवा रील सुरू करतो, ज्यांना ती चाल येते ते मागोमाग येतात आणि बाकीचे ऐकून उचलतात. या बैठकीला तिकडे ‘सेशन’ म्हणतात. हजारो चाली अशाच एका कानावरून दुसऱ्या कानावर जात टिकल्या. त्या नोंदवून ठेवणारी ‘द सेशन’ ही वेबसाइट जेरेमी कीथ यांनी उभी केली, आणि गेली वीसहून अधिक वर्षं ते ती सांभाळत आहेत.

कीथ मूळचे आयर्लंडचे, व्यवसायाने वेब डिझायनर. इंग्लंडच्या ब्रायटन शहरात २००५ साली दोन सहकाऱ्यांबरोबर त्यांनी ‘क्लिअरलेफ्ट’ ही डिझाइन संस्था काढली. वेबवर त्यांनी पुस्तकं लिहिली, अनेक देशांत व्याख्यानं दिली. मला मात्र त्यांच्या फावल्या वेळातल्या कामांचं फार अप्रूप वाटतं. त्यांचे तंत्रज्ञानाबद्दलचे विचार त्या कामांतूनच घडले आहेत, असं माझं मत आहे.

‘द सेशन’चंच पाहा. तिथे चाली ‘एबीसी’ नावाच्या पद्धतीने लिहितात. प्रत्येक स्वराला एक रोमन अक्षर आणि लांबी दाखवायला एखादा आकडा. पंडित भातखंड्यांनी सारेगमच्या अक्षरांत बंदिशी बांधून ठेवल्या, त्याच जातीची ही सोय आहे. संपूर्ण रील चार-पाच ओळींत मावते. ती कोणत्याही संगणकावर उघडते, ईमेलमध्ये चिकटवता येते आणि कागदावर हाताने उतरवता येते. पाच रेघांवरची स्वरलिपी वेबसाइट या अक्षरांवरूनच काढून दाखवते. उद्या ती स्वरलिपी काढणारा कोड कालबाह्य झाला तरी चाल शाबूत राहील. एकाच चालीची निरनिराळी रूपं सभासद शेजारी शेजारी नोंदवतात. त्यातलं खरं कोणतं, याचा निवाडा कुणी करत नाही.

२००८ साली त्यांनी ‘हफडफर’ सुरू केलं. वेबवर इकडेतिकडे सापडणारी भाषणं, मुलाखती गोळा करून स्वतःपुरता पॉडकास्ट बनवण्याची ती सोय आहे. कल्पना छोटी, पण ऐकणाऱ्याच्या रोजच्या उपयोगाची.

या सगळ्यामागचा विचार त्यांनी ‘रेझिलियंट वेब डिझाइन’ या पुस्तकात मांडला. २०१६ साली ते पुस्तक त्यांनी वेबवरच, सर्वांसाठी विनामूल्य प्रकाशित केलं. त्यातला गाभ्याचा मुद्दा असा. वेबपान तीन गोष्टींनी बनतं: मजकूर आणि त्याची रचना सांगणारी एचटीएमएल, रंगरूप ठरवणारी सीएसएस आणि पानाला हालचाल देणारी जावास्क्रिप्ट. न कळणारी खूण भेटली तर ब्राउझर एचटीएमएलमध्ये ती ओलांडून आतला मजकूर दाखवतो. सीएसएसमधली अनोळखी सूचनाही तो सोडून देतो. जावास्क्रिप्ट अशी उदार नाही. तिथे एक चूक झाली की त्यापुढचं काम थांबतं. म्हणून कीथ म्हणतात, आधी या पानाचं मूळ काम कोणतं ते ओळखा. ते सर्वांत साध्या तंत्राने पुरं होईल असं बघा. मग त्यावर हवी तेवढी कलाकुसर चढवा. कलाकुसर कोसळली तरी काम अडणार नाही.

फोटोवर किंवा व्हिडिओवर संस्कार करणाऱ्या साधनांना हा नियम जसाच्या तसा लावणं कठीण आहे, हे मान्य करायला हवं. पण बातमी, वीजबिल, सातबारा, परीक्षेचा निकाल, प्रवेशाचा अर्ज यांचा गाभा म्हणजे मजकूर आणि एखादा फॉर्म. जुन्या मोबाइलवर, डोंगराआडच्या कमजोर नेटवर्कवर ही पानं पांढरी पडून राहतात, तेव्हा मला ते डिझायनरने सोडून दिलेलं कर्तव्य वाटतं.

वेबचं हे औदार्य किती दूरवर पोहोचतं, ते जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत प्रत्यक्ष दिसलं. टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये तिथे वेबचा पहिला प्रस्ताव दिला आणि १९९० मध्ये नेक्स्ट कंपनीच्या संगणकावर पहिला ब्राउझर लिहिला. तो संगणक महाग होता, मोजक्याच लोकांकडे होता. म्हणून निकोला पेलो या विद्यार्थिनीने साध्या टर्मिनलवर चालणाऱ्या, फक्त अक्षरं दाखवणाऱ्या ब्राउझरचं काम केलं. २०१३ साली सर्नने काही डिझायनर-प्रोग्रॅमर मंडळींना बोलावून तो ब्राउझर आजच्या ब्राउझरच्या आत पुन्हा उभा केला. २०१९ मध्ये, प्रस्तावाच्या तिसाव्या वर्षी, पहिल्या ब्राउझरची अशीच पुनर्निर्मिती पाच दिवसांत झाली. कीथ दोन्ही वेळा त्या चमूत होते. तीस वर्षांपूर्वीचं पान आजच्या फोनवर उघडतं, याचं आश्चर्य वाटतंच. पण आजचं नीट बांधलेलं पानही त्या पुनर्निर्मित ब्राउझरमध्ये वाचता येतं! सगळा भार जावास्क्रिप्टवर टाकलेली पानं तिथे कोरी दिसतात.

पान उघडण्यासाठी आधी त्याचा पत्ता जिवंत हवा, आणि कीथ यांना याची फार काळजी. जिओसिटीज ही लाखो घरगुती पानांची वसाहत याहूने ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केली. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘लाँग नाऊ फाउंडेशन’चा ‘लाँग बेट्स’ नावाचा उपक्रम आहे. त्यात दीर्घ मुदतीच्या पैजा लागतात आणि रक्कम धर्मादाय कामाला जाते. २२ फेब्रुवारी २०११ रोजी कीथ यांनी तिथे भाकीत नोंदवलं: हे भाकीत ज्या पत्त्यावर छापलं आहे, तो मूळ पत्ता अकरा वर्षांनी चालू नसेल. ‘मेटाफिल्टर’ या वेबसाइटचे संस्थापक मॅट हॉई यांनी विरुद्ध बाजू घेतली. पैज एक हजार डॉलरची. २२ फेब्रुवारी २०२२ला पान उघडलं, भाकीत जागेवर होतं, कीथ हरले. ही पैज हरायला आवडेल, असंच त्यांचं पहिल्यापासून म्हणणं होतं.

व्याख्यानांत ते काळाचा हा धागा पुढे नेतात. संस्कृतीचे थर वेगवेगळ्या गतीने बदलतात, हा स्टुअर्ट ब्रँड यांचा विचार त्यांनी वेबला लावला. तळाशी इंटरनेटचे नियम संथ, मग पत्ते आणि एचटीएमएल, मग सीएसएस आणि सर्वांत वर जावास्क्रिप्टची साधनं, जी दर दोन-चार वर्षांनी बदलतात. नवं साधन किती चांगलं चालतं, याबरोबरच ते बिघडतं तेव्हा काय होतं, हे विचारा, असं ते सांगतात. नवीन तंत्राच्या जाहिरातीत या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर क्वचितच असतं.

साधन बिघडलं की काय होतं, हे मराठीने सोसलं आहे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. तरी पुढची कित्येक वर्षं आपली वर्तमानपत्रं आणि मासिकं वेबवर आपापले फॉन्ट वापरत होती. त्या पद्धतीत देवनागरी अक्षरांची चित्रं रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत. फॉन्ट गेला की ‘आई’च्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. त्या काळातला पुष्कळ मजकूर आजही कुठेतरी साठवलेला आहे, पण शोधयंत्राला तो सापडत नाही आणि वाचकाला वाचता येत नाही.

छापखान्यांच्या आणि प्रकाशकांच्या जुन्या संगणकांत अजून अशा फाइली आहेत: अंक, कादंबऱ्या, गावांचे इतिहास. फॉन्ट बदलून देणारे कन्व्हर्टर आज उपलब्ध आहेत. मुद्रितशोधन मात्र माणसालाच करावं लागेल. तुमच्याकडे असं काही असेल तर या दिवाळीच्या सुट्टीत ते युनिकोडमध्ये आणा, साध्या एचटीएमएल पानावर ठेवा आणि त्या पत्त्याचं नूतनीकरण शुल्क मुदतीत भरत राहा.