जायबंदी खेळाडूचा भाव

युरोपातल्या फुटबॉल क्लबांना खेळाडूंची खरेदी-विक्री वर्षातून दोनदाच करता येते, उन्हाळ्यात आणि जानेवारीत. या मुदतीला ट्रान्सफर विंडो म्हणतात. ती उघडली की चाहत्यांमध्ये एक वाद हमखास रंगतो. खेळाडू गुणी आहे, पण सारखा जायबंदी होतो. त्याच्यावर पैसे लावावेत का? एक बाजू त्याचे गोल मोजते, दुसरी त्याचे बुडालेले सामने. ऑगस्ट २०१२ मध्ये मँचेस्टर युनायटेडने आर्सेनलकडून रॉबिन व्हॅन पर्सीला सुमारे २.४ कोटी पौंडांना घेतले, तेव्हा हाच वाद झडला. आर्सेनलमधल्या आठ हंगामांपैकी पहिल्या सात हंगामांत त्याला लीगचे २८ हून अधिक सामने एकदाही खेळता आले नव्हते. आठव्या हंगामात मात्र तो सगळे ३८ सामने खेळला आणि त्याने ३० गोल केले. वय २९ झाले होते. एका चांगल्या हंगामावर भाळून युनायटेडने थैली मोकळी केली, असे टीकाकारांचे म्हणणे. पुढच्या वर्षी तो पुन्हा ३८ च्या ३८ सामने खेळला, २६ गोल केले आणि युनायटेडने लीग जिंकली. त्यानंतरच्या हंगामात तो २१ सामन्यांवर आला, आणि २०१५ मध्ये तुर्कस्तानच्या फेनरबाचेकडे गेला. ‘आम्ही म्हणत होतो ना!’ असे म्हणण्याची सोय या एकाच खरेदीने दोन्ही बाजूंना करून दिली.

दुखापत होणे हे या खेळात रोजचेच आहे. युरोपीय फुटबॉलची मध्यवर्ती संघटना युएफा २००१ पासून आघाडीच्या क्लबांतल्या दुखापतींची पद्धतशीर नोंद ठेवत आली आहे. स्वीडनचे डॉक्टर यान एकस्ट्रांड या अभ्यासाचे प्रमुख. पंचवीस खेळाडूंच्या संघात एका हंगामात सरासरी सुमारे ५० दुखापती होतात, म्हणजे माणशी दोन, असे या नोंदी सांगतात. सरावाच्या तुलनेत सामन्यात दुखापत होण्याचा दर सहा-सात पट असतो. सर्वाधिक त्रास देतो तो मांडीच्या मागचा स्नायू, हॅमस्ट्रिंग. २००१-०२ च्या हंगामात एकूण दुखापतींपैकी सुमारे १२ टक्के हॅमस्ट्रिंगच्या होत्या; २०२१-२२ मध्ये त्या २४ टक्क्यांवर गेल्या. खेळ वेगवान झाला आणि धावपटूसारखी सुसाट धाव खेळाडूला सामन्यात पुन्हा पुन्हा घ्यावी लागते, हे त्याचे एक सर्वमान्य कारण.

दोन दुखापती जर सरासरीच असतील, तर अमुक एक खेळाडू ‘नेहमीचाच दुखणाईत’ असे केव्हा म्हणायचे? चाहत्यांची शंका अगदीच निराधार नसते. पुढच्या दुखापतीचा सर्वांत भरवशाचा इशारा मागची दुखापत देते, यावर संशोधकांचे एकमत आहे. फाटलेला स्नायू भरून येताना तिथे व्रण राहतो, ताकद आणि लवचीकपणा कमी होतो, आणि घाईने मैदानात उतरवलेला खेळाडू त्याच जागी पुन्हा दुखावतो. इंग्लंडचा मायकेल ओवेन १९ वर्षांचा असताना, एप्रिल १९९९ मध्ये लीड्सविरुद्ध धावताना त्याचा हॅमस्ट्रिंग फाटला. २००१ मध्ये त्याला युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूचा बॅलन डी’ओर मिळाला खरा, पण आपला मूळचा वेग त्या दिवशीच गेला असे तो निवृत्तीनंतरही सांगत आला.

घोटाळा होतो तो सगळ्या दुखापतींची एकच बेरीज करण्यात. इंटरनेटवर प्रत्येक खेळाडूच्या दुखापतींची यादी सापडते आणि चाहते वादात तिचा हत्यारासारखा वापर करतात. त्या यादीत प्रतिस्पर्ध्याच्या लाथेने मोडलेले हाड, स्वतःहून फाटलेला स्नायू, झिजलेली कूर्चा आणि साधा ताप हे सगळे एका रांगेत बसलेले असते. हाड नीट जुळले तर बहुधा पुन्हा त्रास देत नाही. स्नायूचे दुखणे परत परत येते, पण योग्य व्यायामाने ते बऱ्याच अंशी आवरता येते. गुडघ्याचा मुख्य लिगामेंट, ज्याला एसीएल म्हणतात, तो तुटला तर शस्त्रक्रिया करून सात ते नऊ महिन्यांत परतता येते. मात्र युएफाच्याच अभ्यासानुसार असे खेळाडू तीन वर्षांनंतर पाहिले तर सर्वोच्च पातळीवर खेळणारे सुमारे ६५ टक्केच उरतात. झिजेचे दुखणे सगळ्यांत वाईट, कारण ते बरे होत नाही, फक्त लांबवता येते. ओवेन हारग्रीव्ह्सला युनायटेडने २००७ मध्ये बायर्न म्युनिककडून सुमारे १.७ कोटी पौंडांना घेतले. पहिल्या हंगामात तो युरोपीय क्लबांच्या चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना जिंकणाऱ्या संघात होता. मग दोन्ही गुडघ्यांच्या स्नायुबंधांनी दगा दिला. अमेरिकेत शस्त्रक्रिया झाल्या, तरी उरलेल्या तीन हंगामांत तो जेमतेम पाच सामन्यांत मैदानावर दिसला.

काही खेळाडूंच्या बाबतीत तर हा शिक्का अन्यायकारकच ठरतो. आर्सेनलचा फ्रेंच मध्यरक्षक अबू दियाबी याचा घोटा मे २००६ मध्ये सामन्याच्या अखेरच्या क्षणांत, संडरलँडच्या खेळाडूच्या आडदांड टॅकलमुळे मोडला. तेव्हा तो १९ वर्षांचा होता. पुढची नऊ वर्षे पोटरी, मांडी, गुडघा अशी दुखण्यांची रांगच लागली. प्रशिक्षक आर्सेन वेंगर या साऱ्याचे खापर त्या एका टॅकलवर फोडत. स्टँडमध्ये मात्र चेष्टा दियाबीचीच व्हायची.

क्लबाला हे सगळे आधी कळत नाही का? त्यासाठीच करारावर सही होण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी होते, जिला फुटबॉलच्या दुनियेत नुसते ‘मेडिकल’ म्हणतात. हृदयाचा आलेख आणि सोनोग्राफी, रक्त, सांध्यांचे एमआरआय, दोन्ही पायांच्या ताकदीतला फरक, जुन्या शस्त्रक्रियांची कागदपत्रे, असे सगळे तपासले जाते. ‘अमका मेडिकलमध्ये नापास’ अशी बातमी येते, पण डॉक्टर पास-नापास ठरवत नाहीत. धोका किती आणि कुठे आहे हे ते सांगतात; पत्करायचा की नाही, हे क्लबाचे मालक आणि प्रशिक्षक ठरवतात. त्यामुळे एकच अहवाल पाहून एक क्लब माघार घेतो आणि दुसरा सही करतो. नायजेरियाच्या न्वान्क्वो कानूला इटलीच्या इंटर मिलानने १९९६ मध्ये घेतले आणि तपासणीत त्याच्या हृदयाच्या झडपेत गंभीर दोष सापडला. शस्त्रक्रियेनंतर तो पुन्हा उभा राहिला, आणि १९९९ च्या सुरुवातीला आर्सेनलने त्याला घेतले. तिथे तो पाच वर्षे खेळला.

या विषयातले सर्वांत बोलके प्रकरण रूड व्हॅन निस्टलरॉयचे. एप्रिल २००० मध्ये नेदरलँड्सच्या पीएसव्ही आइंडहोवनशी युनायटेडचा १.८५ कोटी पौंडांचा सौदा पक्का झाला होता. तपासणीत गुडघ्याबद्दल शंका आली आणि सही लांबली. काही दिवसांतच सरावात त्याच गुडघ्याचा लिगामेंट तुटला. तो क्षण चित्रफितीतही आला. डॉक्टरांची शंका खरी ठरली, आता कोणीही शहाणा माणूस विषय सोडून देईल असे वाटावे. पण युनायटेडचे प्रशिक्षक ॲलेक्स फर्ग्युसन यांनी वर्षभर वाट पाहिली आणि एप्रिल २००१ मध्ये आधीपेक्षा थोडे जास्तच, १.९ कोटी पौंड देऊन त्याला आणले. युनायटेडकडून २१९ सामन्यांत त्याने १५० गोल केले. इथे एक बारकावा ध्यानात घ्यायला हवा. २००१ चा सौदा पहिल्यापेक्षा कमी धोक्याचा होता. दुखणे नेमके काय हे आता माहीत होते, शस्त्रक्रिया झालेली होती, आणि गुडघा पुन्हा सामन्यांत तपासून झाला होता.

धोका पत्करायचा म्हणजे नेमके काय पणाला लागते, हे हिशेबाच्या वहीत दिसते. खरेदीची रक्कम कराराच्या वर्षांवर समान वाटून खर्ची टाकली जाते. पाच कोटी पौंडांचा खेळाडू पाच वर्षांसाठी घेतला तर दरसाल एक कोटी, वर पगार वेगळा. तो खेळो वा पट्टी बांधून प्रेक्षकांत बसो, हा खर्च चालूच. न्यूकॅसलने २००५ मध्ये मायकेल ओवेनला रेआल माद्रिदकडून क्लबाची विक्रमी रक्कम, सुमारे १.६ कोटी पौंड, मोजून आणले. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला त्याच्या पावलाचे हाड मोडले. २००६ च्या विश्वचषकात स्वीडनविरुद्ध पहिल्याच मिनिटाला गुडघा गेला. चार हंगामांतल्या लीगच्या १५२ सामन्यांपैकी तो ७१ खेळला, आणि अखेर न्यूकॅसल दुसऱ्या श्रेणीत घसरले.

पण धडधाकट खेळाडू घेतला म्हणून निश्चिंत राहता येते, असेही नाही. एडन अझार चेल्सीकडून सात हंगामांत ३५२ सामने खेळला. बचावपटूंच्या लाथा खाऊनही क्वचितच बाहेर बसला. रेआल माद्रिदने २०१९ मध्ये त्याच्यासाठी सुमारे १० कोटी युरो मोजले. नोव्हेंबरात पॅरिसच्या पीएसजीविरुद्ध घोट्याला मार बसला आणि तो घोटा पूर्ववत कधी झालाच नाही. माद्रिदमध्ये चार हंगामांत ७६ सामने, ७ गोल आणि २०२३ मध्ये निवृत्ती. या खरेदीआधी दुखापतींची यादी काढून बसलेल्या चाहत्याला तिथे चिंतेचे फारसे काही सापडले नसते.

उलट उदाहरणही तितकेच ठसठशीत आहे. नेदरलँड्सच्या आर्येन रॉबेनला चेल्सीपासूनच ‘काचेचा माणूस’ म्हणत. बायर्नने त्याला २००९ मध्ये सुमारे २.५ कोटी युरोंना घेतले. तो दहा वर्षे तिथे राहिला, दरवर्षी काही आठवडे बाहेर बसला, आणि तरीही आठ लीग विजेतेपदांत त्याचा वाटा होता. २०१३ च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात डॉर्टमुंडविरुद्ध ८९ व्या मिनिटाचा विजयी गोल त्याचाच. बायर्नकडे त्याच्या जागी उतरवायला तोडीचे खेळाडू होते, म्हणून त्याची गैरहजेरी परवडली. बार्सिलोनात सहा वर्षे स्नायूंच्या दुखण्यांनी ग्रासलेला उस्मान डेंबेले २०२३ मध्ये पीएसजीकडे गेला, आणि २०२५ मध्ये चॅम्पियन्स लीग व बॅलन डी’ओर दोन्ही मिळवून बसला. बार्सिलोनाने त्याच्यासाठी १० कोटी युरोंहून अधिक मोजले होते, पीएसजीने साधारण निम्मे.

चाहत्यांच्या वादात सहसा सुटणारा मुद्दा संघाच्या बांधणीचा आहे. लिव्हरपूलने २०२० च्या उन्हाळ्यात बचावपटू डेयान लोवरेनला विकले आणि त्याच्या जागी कोणाला घेतले नाही. मधल्या बचावफळीत व्हर्जिल व्हॅन डाइक, जो गोमेझ आणि वारंवार दुखावणारा जोएल मातिप असे तिघे उरले. ऑक्टोबरात व्हॅन डाइकचा गुडघा गेला, नोव्हेंबरात गोमेझचा, जानेवारीत मातिपचा घोटा. नवख्या मुलांना आणि मध्यरक्षकांना बचावात उभे करून गतविजेता लिव्हरपूल कसाबसा तिसरा आला. मातिप गुणी होता याबद्दल दुमत नव्हते. चूक झाली ती त्याला तिघांतला एक म्हणून पूर्ण मोजण्यात.

अलीकडे वादाचा रोख खेळाडूवरून वेळापत्रकाकडेही वळला आहे. मँचेस्टर सिटीचा रोद्री सप्टेंबर २०२४ मध्ये म्हणाला की सामने इतके वाढलेत की खेळाडू संपाच्या जवळ पोचले आहेत. आठवडाभरात आर्सेनलविरुद्ध त्याचाच एसीएल तुटला. आर्सेनलच्या महिला संघात २०२२-२३ च्या एकाच हंगामात बेथ मीड, विवियाने मिडेमा, लिआ विल्यमसन आणि लाउरा विनरॉयथर या चौघींचे एसीएल तुटले. अशा वेळी एकेकीच्या शरीराला बोल लावून भागत नाही. सामन्यांची दाटी, बूट, मैदान, विश्रांती हे सगळे चर्चेत येते.

धोका टाळता आला नाही तरी वाटून घेता येतो. सौद्याची काही रक्कम ठरावीक सामने खेळल्यावरच देण्याची अट घालतात. पगारही हजेरीवर बांधतात. २००९ मध्ये मायकेल ओवेन युनायटेडकडे फुकट आला तो अशाच करारावर. राष्ट्रीय संघाकडून खेळताना झालेल्या दुखापतीचा प्रश्न वेगळा. न्यूकॅसलने ओवेनच्या गुडघ्याची भरपाई मागितली. २०१० च्या विश्वचषकानंतर रॉबेन कित्येक महिने बाहेर बसला म्हणून बायर्न डच संघटनेवर भडकले, आणि तडजोड म्हणून मे २०१२ मध्ये नेदरलँड्सचा संघ म्युनिकला येऊन बायर्नशी मैत्रीपूर्ण सामना खेळला. त्याच वर्षी फुटबॉलची जागतिक संघटना फिफाने क्लबांसाठी विमा योजना सुरू केली. राष्ट्रीय संघाकडून खेळताना जायबंदी झालेला खेळाडू २८ दिवसांहून अधिक बाहेर राहिला तर त्याच्या पगारापोटी क्लबाला एका दुखापतीमागे कमाल ७५ लाख युरो मिळतात. क्लबाच्या सामन्यात झालेल्या दुखापतीसाठी ज्याचा त्यानेच विमा उतरवायचा असतो, आणि जुन्या दुखण्याचा अवयव विमा कंपन्या बहुधा वगळतात किंवा त्यासाठी जबर हप्ता मागतात.