तळहाताएवढ्या रबरावरची शर्यत

मोटारींची शर्यत म्हटली की तुमच्या डोळ्यांपुढे काय उभं राहतं? कानठळ्या बसवणारा आवाज आणि एकमेकींना मागे टाकत सुसाट पळणाऱ्या गाड्या, हो ना? आज मात्र एका निराळ्या शर्यतीची ओळख करून घेऊ. इथे गाड्या एकेक करून सोडतात. शेजारी कुणी प्रतिस्पर्धी नसतो. लढत असते ती घड्याळाशी! या खेळाचं नाव ऑटोक्रॉस.

शंकूंचा चक्रव्यूह

काही देशांत याच नावाची शर्यत मातीच्या किंवा गवताच्या मैदानावर होते. अमेरिकेत मात्र ती डांबराच्या किंवा काँक्रीटच्या पटांगणावर घेतात. गाड्या उभ्या करायचं एखादं प्रचंड मोठं आवार किंवा वापरात नसलेली विमानाची धावपट्टी निवडायची. तिथे नारिंगी रंगाचे प्लॅस्टिकचे शंकू मांडून नागमोडी वाट तयार करायची. झाला रस्ता!

स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका ही संस्था १९४४ साली स्थापन झाली. १९७३ पासून ती या खेळाची राष्ट्रीय स्पर्धा भरवत आली आहे. नियम अगदी सोपे आहेत. शंकू पाडला किंवा त्याच्या जागेवरून हलवला, की तुमच्या वेळेत २ सेकंद वाढतात. वाट चुकली, तर ती फेरी बादच. प्रत्येकाला काही फेऱ्या मिळतात आणि त्यातली सर्वांत चांगली वेळ धरतात. एक फेरी संपते साधारण मिनिटभरात. त्यात २ सेकंदांचा दंड म्हणजे केवढा फटका, विचार करा!

डोक्यावर हेल्मेट हवंच. शर्यतीआधी चालक वाटेवरून पायी हिंडतात आणि प्रत्येक वळण पाठ करतात. अगदी परीक्षेआधी आपण धडा वाचतो तसंच! स्वतःची फेरी नसेल तेव्हा हेच चालक मैदानात उभे राहून दुसऱ्यांनी पाडलेले शंकू उचलतात.

महागडी गाडी, तरीही...

आता या वाटेवर एक भारी स्पोर्ट्स कार आणू. होंडा कंपनीने १९९० साली काढलेली एनएसएक्स घ्या. अमेरिकेत ती अॅक्युरा या नावाने विकली गेली. तिचा सांगाडा अॅल्युमिनियमचा आणि ताकद सुमारे २७० अश्वशक्तीची. ती ताशी २५० किलोमीटरच्याही पुढे पळू शकते. ती तयार होत असताना फॉर्म्युला वनचा प्रसिद्ध चालक आयर्टन सेना यानेही ती चालवून पाहिली होती आणि सूचना केल्या होत्या.

या गाडीचं इंजिन पुढे बॉनेटखाली नसतं. ते असतं चालकाच्या पाठीमागे, मागच्या चाकांच्या थोडं पुढे. म्हणजे जड वजन गाडीच्या मध्याजवळ आलं. त्याने काय होतं? फिरत्या खुर्चीवर बसून हात पसरा आणि गिरकी घ्या. मग हात छातीशी घ्या. खुर्ची एकदम जोरात फिरू लागते! वजन मध्याजवळ असलं की वस्तू चटकन फिरते. म्हणूनच ही गाडी वळणावर लगेच वळते. पण घसरली, तर गिरकीही तितक्याच चटकन घेते.

ताशी २५० चा वेग या मैदानात काही उपयोगाचा नाही. इथे दर काही सेकंदांनी वळण येतं. म्हणून कमी ताकदीची, हलकी आणि छोटी गाडीसुद्धा चांगल्या चालकाच्या हाती बड्या गाड्यांना घाम फोडते.

आणि पाऊस आला!

गाडी कितीही महाग असू दे, जमिनीला टेकतात ती चार चाकंच. प्रत्येक टायरचा साधारण तळहाताएवढा भाग रस्त्याला चिकटलेला असतो. वेग घेणं, थांबणं, वळणं ही सारी कामं त्या चार तळहातांवर चालतात.

असं समजा, की टायरच्या खिशात पकडीचे १० रुपये आहेत. ब्रेक दाबायला काही रुपये लागतात, वळायलाही लागतात. ब्रेकवर सगळे उडवले, तर वळायला काय उरणार? मग स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी सरळच जाते आणि शंकू आडवे! खरा हिशेब याहून थोडा निराळा असतो, पण मुद्दा हाच.

पाऊस पडला, की खिशात जेमतेम ५-६ रुपये उरतात. आता गणितच करू. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या, चांगल्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यापासून सुमारे १६ मीटरमध्ये थांबते. पकड जवळपास निम्म्यावर आली, तर तिलाच सुमारे २८ मीटर लागतात! कोरड्यात ताशी ४० ने घेता येणारं वळण ओल्यात ताशी ३० ने घ्यावं लागतं.

टायरवरच्या खाचा काही शोभेसाठी नसतात. टायरखालचं पाणी त्यांच्यातून बाहेर निघून जातं. पाणी जास्त आणि वेगही जास्त झाला, तर पाणी बाहेर पडायला वेळच मिळत नाही. टायर पाण्यावर तरंगू लागतो. मग ना ब्रेक उपयोगी पडतो, ना स्टिअरिंग.

पाय उचलू नकोस!

ओल्या वळणावर गाडी घसरतेय असं वाटलं, की नवखा चालक घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय झटकन उचलतो. तुम्ही-आम्हीही तेच करू. पण त्याच क्षणी गाडीचा भार पुढच्या चाकांवर जातो. मागची चाकं हलकी होतात, त्यांची पकड सुटते आणि गाडी गर्रकन फिरते.

जाणते चालक काय करतात? वळणाआधीच, गाडी सरळ असताना, ब्रेक लावून वेग कमी करतात. मग स्टिअरिंग हळुवार फिरवतात आणि ॲक्सिलरेटर बेताने दाबतात. कशातही झटका नाही. कोरड्या मैदानावर ताकद आणि धिटाई चुका झाकून नेते. पावसात प्रत्येक चूक उघडी पडते!

मोकळ्या मैदानात घसरलात तर शंकू पडतो, २ सेकंद जातात. आपल्या रस्त्यावर शंकू नसतात, माणसं असतात. म्हणून हे खेळ तिथेच खेळायचे. पण त्यातून शिकलेलं मात्र आपल्या सायकललाही लागू पडतं. पहिल्या सरीने रस्त्यावरची धूळ आणि सांडलेलं तेल मिसळून निसरडा थर होतो, तेव्हा सर्वांत जास्त जपा. वळणाआधी वेग कमी करा, वळताना ब्रेक करकचून दाबू नका.

आणि एक काम आजच करा. आईबाबांच्या गाडीच्या टायरच्या खाचांत डोकावून पाहा. बऱ्याच टायरच्या खाचांत तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला असेल, तर लगेच सांगा, "बाबा, टायर बदलायला झाला!"