पोटखराब्यातून प्रवास

सातबाऱ्यावर लागवडीखालच्या क्षेत्राबरोबर पोटखराब्याचीही नोंद असते. ‘अ’ वर्गात खडकाळ, नांगर न चालणारी जमीन येते. ‘ब’ वर्गात रस्ता, ओढा, पाणवठा अशा सार्वजनिक वापराची. माझ्या सासऱ्यांची उभी नोकरी भूमी अभिलेख खात्यात गेली. पुण्याहून सातारा, आंबोली, मालवण, विजयदुर्ग, राजापूर आणि आंबा घाटाने परत अशी गाडीची फेरी ठरली, तेव्हा ठिकाणांची यादी वाचून बाबा म्हणाले, “अगं, यातलं निम्मं पोटखराब्यात निघेल.” चेष्टाच होती ती. पण या वाटेची याहून नेमकी ओळख मला करून देता येणार नाही. कासचं पठार, आंबोलीचा माथा, कोकणातले उघड्या कातळाचे सडे आणि त्यांवरची कातळशिल्पं ही शेतीच्या हिशेबात बिनकामाची जमीन आहे, आणि गाडी थांबवून उतरावं असं बरंचसं तिच्यावरच आहे.

सुरुवात मात्र काळ्या दगडाने होते. खंबाटकी ओलांडून साताऱ्याकडे जाताना दोन्ही अंगांचे डोंगर नीट पाहिले तर त्यांना पायऱ्या दिसतात: उभा कडा, खाली गवताचा उतार, पुन्हा कडा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या लांबच लांब भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर आला आणि थरावर थर साचत गेले. झीज होऊनही हा बेसॉल्ट आज जवळपास ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे, आणि सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते. थराचा घट्ट, एकसंध भाग कडा म्हणून टिकतो. बुडबुड्यांनी पोखरलेला भाग झिजून उतार होतो. आपल्या बहुतेक गडांचे माथे सपाट आणि बाजू ताशीव का, याचं उत्तर याच रचनेत आहे. मुलांनी साताऱ्याच्या अजिंक्यतारा किल्ल्याच्या डोंगराच्या पायऱ्या मोजायला घेतल्या आणि कुठली पायरी धरायची यावरून भांडणही केलं.

साताऱ्याहून पंचवीसेक किलोमीटरवर कास. उंची सुमारे १२०० मीटर. इथे पहिल्यांदा दगडाचा रंग बदलतो. बेसॉल्टच्या डोक्यावर जांभ्याची टोपी आहे. उष्ण हवा आणि ओला-कोरडा ऋतू लाखो वर्षं मिळाला की खडकातली सिलिका धुऊन जाते, लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगं मागे उरतात आणि तांबडा, भोकाभोकांचा जांभा तयार होतो. त्याच्यावर माती जेमतेम बोटभर. पावसाळ्यात ती चिंब, उन्हाळ्यात तव्यासारखी तापलेली, आणि पोषणद्रव्यांच्या नावाने बोंब. झाडाला मूळ धरता येत नाही म्हणूनच इथे फुलांचं राज्य आहे. पठारावर ८५० हून अधिक सपुष्प वनस्पती नोंदलेल्या आहेत, आणि २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात ज्या ३९ जागा घेतल्या त्यांत कास आहे.

सगळे जण जांभळ्या-पिवळ्या गालिच्याचे फोटो काढतात. मला जास्त गंमत वाटली ती सीतेच्या आसवांची. एवढंसं निळंजांभळं फूल, पण ही वनस्पती मांसाहारी आहे. जमिनीखाली तिला सूक्ष्म फुगे असतात, त्यांत पाण्यातले बारीक जीव ओढले जातात आणि मातीत न मिळणारा नायट्रोजन तिला त्यांच्यातून मिळतो. दवबिंदू नावाची दुसरी एक वनस्पती चिकट थेंबांनी किडे धरते. “म्हणजे उपाशी राहिली की झाडंसुद्धा शिकार करतात,” असं धाकट्याने जाहीर केलं, आणि त्यात दुरुस्ती करण्यासारखं काही नव्हतं. डबक्यांच्या काठी वायतुरा दिसतो. मोजक्या पठारांवरच उगवणारी ही पाणवनस्पती चुकवू नये. दर आठ वर्षांनी फुलणारी कारवी मात्र २०२४ साली फुलून गेली. आता ती २०३२ मध्ये.

कोल्हापूरपर्यंतच्या रस्त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. ऊस, ट्रॉल्या आणि मिसळ. आजऱ्यानंतर हवा बदलते. भाताची खाचरं सुरू होतात, घनसाळ तांदळाच्या पाट्या दिसू लागतात, आणि बघता बघता गाडी ढगात शिरते.

आंबोलीला लोक धबधब्यासाठी येतात. पावसाळ्यातल्या रविवारी तिथे जी कोंडी होते, भजी-मक्याचा जो कचरा साठतो, तो पाहिला की पाणी सुंदर आहे हे विसरायला होतं. आम्ही धबधब्याला खिडकीतूनच नमस्कार केला आणि हिरण्यकेशीच्या उगमाकडे वळलो. इथे वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. जांभा स्पंजासारखा तो पिऊन घेतो आणि पुढे महिनोन् महिने झऱ्यांतून सोडत राहतो. हिरण्यकेशी गुहेतून बाहेर येते, तिथेच महादेवाचं देऊळ आहे. अरबी समुद्र इथून गाडीने दोन तासांच्याही आत. पण हे पाणी त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला निघतं, घटप्रभेला मिळतं, घटप्रभा कृष्णेला, आणि अख्खं पठार ओलांडून ते बंगालच्या उपसागरात जातं. मुलीने फोनवरच्या नकाशावर बोटाने ती वाट काढून पाहिली.

देवळाजवळच्या कुंडात एक छोटा मासा राहतो. २०२० साली तो विज्ञानाला नवा म्हणून नोंदला गेला आणि त्याला नदीचंच नाव मिळालं, ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने तिथली २.११ हेक्टर जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. एका माशासाठी सव्वादोन हेक्टरही नाही, एवढीच ही जागा. पण राखायला घेतली, हे महत्त्वाचं. देवाच्या नावाने पाण्यात जाळं पडलं नाही, त्याचाही या माशाच्या टिकण्यात वाटा असावा असं मला वाटतं.

आंबोलीचा खरा रहिवासी त्याहूनही लहान आहे. ‘झँथोफ्राइन टायग्रिना’ हा अंगठ्याएवढा, अंगावर पिवळसर पट्टे असलेला भेक. २००९ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं आणि आज तो अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहे. पावसाच्या पहिल्या सरी पडल्या की जांभ्याच्या सड्यावर उथळ डबकी साचतात, त्यांत तो अंडी घालतो. तळी, ओढे सोडून डबकी का? वाहत्या पाण्यात अंडी वाहून जातील, मोठ्या पाण्यात खाणारे पुष्कळ. डबकं आटायच्या आत बेडकी होऊन बाहेर पडायचं, असा हा जुगार आहे. पाऊस मध्येच दडी मारून बसला तर पिढी कातळावरच वाळून जाते. शिवाय घाटरस्ता याच सड्यांजवळून जातो, आणि पावसाळी रात्री पर्यटकांच्या गाड्यांखाली किती बेडूक जातात ते चालवणाऱ्याला कळतही नाही.

आम्ही गेलो तेव्हा गणपती होऊन गेले होते. भेकांचा हंगाम संपलेला. पण स्थानिक वाटाड्याबरोबर रात्री फिरलो तेव्हा मलबारी उडता बेडूक दिसला, पाण्यावर झुकलेल्या फांदीवर. त्याची मादी पाण्यावरच्या पानांत फेसाचं घरटं करते. पिल्लं फेसातून थेट खालच्या पाण्यात पडतात. चापडा नावाचा हिरवा विषारी साप हातभर अंतरावर वेटोळं घालून बसला होता. आमच्या घरात सापाचं नाव काढलं तरी पाय वर घेणाऱ्या सासूबाई त्याच्याकडे बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “हा कुणाच्या अध्यात ना मध्यात.”

घाट उतरून सावंतवाडी. लाकडी खेळण्यांची खरेदी झाली, मालवणला घावणे आणि कुळथाची पिठी झाली. या पट्ट्यात दगड पुन्हा बदलतो. उत्तरेकडून आलेला बेसॉल्ट सिंधुदुर्गात विरळ होत संपतो आणि त्याच्याखालचे कितीतरी जुने खडक वर येतात. कासार्ड्याची सिलिका वाळू, रेडीचं लोहखनिज ही त्यांचीच देणगी. अलिबाग-श्रीवर्धनची काळपट वाळू पाहिलेल्या माणसाला तारकर्लीची फिकट वाळू वेगळी का वाटते, त्याचं कारण पाण्यात नाही, मागच्या डोंगरात आहे.

सिंधुदुर्ग किल्ल्याबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी थोडक्यात आवरते. २५ नोव्हेंबर १६६४ ला कुरटे बेटावर त्याचा पाया घातला. चहूकडे खारं पाणी आणि आत दूधविहीर, साखरविहीर, दहीविहीर या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. बेट निवडणाऱ्यांनी आधी पाणी पाहिलं असणार. होडीतून जाताना ज्या पाण्यावरून आपण जातो ते १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. खाली प्रवाळ आहेत, म्हणून नांगर कुठे टाकायचा याला महत्त्व आहे. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला त्यांत सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग दोन्ही आहेत.

विजयदुर्गाला जरा थांबावं लागेल. तिथे ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात आणि सांगतात की १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात नॉर्मन लॉक्यरने इथून हेलियमचा शोध लावला. गोष्ट छान आहे, पण तारखा जुळत नाहीत. त्या ग्रहणाच्या वेळी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन गुंटूरला होता. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट ग्रहणाशिवायही पाहता येईल, हे त्याने तिथे ओळखलं. लॉक्यर तेव्हा इंग्लंडमध्ये होता आणि २० ऑक्टोबर १८६८ ला त्याने तिथूनच, ग्रहण नसताना, तो वर्णपट पाहिला. त्यातली पिवळी रेघ कुठल्याही ओळखीच्या मूलद्रव्याची नव्हती. पृथ्वीवर हेलियम हाती लागायला १८९५ साल उजाडलं, तेही रॅम्झीच्या प्रयोगशाळेत.

मग साहेब विजयदुर्गला आलाच नाही का? आला, पण तीस वर्षांनी. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी लॉक्यर दुर्बिणी घेऊन इथे उतरला होता आणि ब्रिटिश युद्धनौकेचे खलाशी त्याच्या मदतीला होते. त्याच ग्रहणासाठी पुण्याचे खगोलशास्त्रज्ञ कावसजी नायगमवाला करमाळ्याजवळच्या जेऊरला तळ ठोकून होते. त्या दंतकथेपेक्षा ही हकिकत मला कितीतरी रंगतदार वाटते, आणि तीत आपला माणूसही आहे. दरवर्षी १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिन साजरा होतो. जरूर व्हावा. सोबत जेऊरचं नावही घ्यावं, इतकंच.

देवगड ते राजापूर सगळा रस्ता सड्यावरून जातो. देवगडच्या बागायतदारांनी कातळात सुरुंग लावून खड्डे केले, बाहेरून माती आणून भरली आणि हापूस उभा केला. हे कष्ट मोठे आहेत, त्याबद्दल दुमत नाही. चिरेखाणींचंही तसंच, कोकणातलं निम्मं घर या चिऱ्यांनीच उभं राहिलंय. पण एकाच सड्यावर बाग, खाण, प्रकल्प या सगळ्यांचे डोळे असतात आणि तिथे आधीपासून काय आहे ते बघायला कुणाला सवड नसते.

आधीपासून आहेत ती कातळशिल्पं. राजापूर तालुक्यात कशेळीला कनकादित्याचं देऊळ पाहून पुढे सड्यावर गेलो. तिथे जांभ्यात कोरलेला हत्ती आहे, सुमारे १८ मीटर लांबीचा. उभं राहून तो दिसतच नाही. कडेकडेने चालत गेलं की सोंड, पाठ, पाय जुळत जातात. त्याच्या देहात आणखी कितीतरी लहान प्राणी कोरलेले आहेत. इतर सड्यांवर वाघ, मासे, पाकट, माणसं आणि गेंडेसुद्धा आहेत. आज गेंडा मुख्यतः काझीरंगाच्या बाजूला उरलाय. ज्याने तो इथे कोरला त्याने तो पाहिला असेल, तर त्या काळचं कोकण वेगळं असणार. या चित्रांत शेतीची खूण नाही, म्हणून अभ्यासक ती शिकार करणाऱ्या आणि कंदमुळं गोळा करणाऱ्या लोकांची मानतात आणि त्यांचा काळ मध्याश्मयुगापर्यंत मागे नेतात.

गावकऱ्यांना यातली काही ठाऊक होती. कुणी पांडवांची म्हणत, कुणी देवाची. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुराख्यांना विचारत, सडे पालथे घालत ती शोधून नोंदवली. २०२२ साली कोकणातल्या निवडक कातळशिल्पांना युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत जागा मिळाली. त्यांत कशेळी, देवाचे गोठणे, उक्षी, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसईमळही आहे. त्याच यादीतल्या बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये मोठं आंदोलन झालं. प्रकल्प हवा की नको, यावर गाडीतच दोन तट पडले. बाबांचा मुद्दा कारकुनी होता आणि मला तोच पटला: मोजणी करताना कातळावर काय कोरलंय ते लिहायला नमुन्यात रकानाच नाही. खडक म्हणून नोंद झाली की पुढच्या प्रत्येक कागदावर तो खडकच राहतो.

जाणार असाल तर थोडं व्यवहाराचं. सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबरची सुरुवात हा काळ बरा. काससाठी शनिवार-रविवार टाळा आणि नोंदणी आधी करा. आंबोलीत रात्री वाटाड्याशिवाय फिरू नका आणि घाटात अंधारानंतर गाडी अगदी हळू चालवा. कातळशिल्पांची रेषा उथळ असते, दुपारच्या उन्हात ती विरून जाते. सकाळी लवकर किंवा चारनंतर जा. पावसाळ्याच्या अखेरीस गवत वाढलेलं असतं, तेव्हा गावात विचारून कुणाला तरी सोबत घ्या. पाणी बरोबर ठेवा, कारण सड्यावर सावलीला झाडही मिळत नाही. परतीला साखरप्यावरून आंबा घाट चढलात तर माथ्यावर चहा मिळतो, आणि तिथून कोल्हापूर दीड-दोन तासांवर.