बोट का लागते? बोट का उलटते?



आपल्या बुलढाणा जिल्ह्यापासून समुद्र तीनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. त्यामुळे समुद्रपर्यटनाचे मोठे जहाज तुमच्यापैकी बहुतेकांनी चित्रातच पाहिले असेल. १९९० साली बांधलेले 'एम्प्रेस' हे अशांपैकी एक जहाज. त्याची लांबी सुमारे २१० मीटर आणि रुंदी सुमारे ३० मीटर. २०२१ साली ते मुंबईहून सहलीसाठी जाऊ लागले. २०२४ साली सुरू झालेले 'आयकॉन ऑफ द सीज' तर ३६५ मीटर लांब आणि वीस मजली आहे. पाण्याखाली मात्र त्याचा जेमतेम नऊ मीटर भाग असतो!

असे जहाज पाहिले की दोन शंका मनात येतात. आतल्या प्रवाशाला बोट लागत नाही का? आणि एवढा उंच डोलारा उलटत कसा नाही? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत. कशी, ते पाहू या.

कान आणि डोळे यांचे भांडण

बुलढाण्याहून मलकापूरला जाताना राजूर घाटात एस.टी. वळणे घेऊ लागली की पुस्तक वाचणाऱ्याला मळमळते. ड्रायव्हरला मात्र काही होत नाही. आपल्या अंतर्कर्णात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके वळले की ते त्या मेंदूला कळवतात. वरखाली किंवा पुढेमागे होणारी हालचाल टिपणारी इंद्रियेही तेथेच असतात. कान सांगतो, "आपण हलतो आहोत." पुस्तकावर खिळलेले डोळे सांगतात, "सारे स्थिर आहे." या परस्परविरोधी संदेशांमुळे मेंदू गोंधळतो आणि गाडी लागते. जहाजाच्या बंद खोलीत हेच घडते. म्हणून बोट लागलेल्याने डेकवर यावे आणि क्षितिजाकडे पाहावे.

सगळेच हेलकावे सारखा त्रास देत नाहीत. दर पाच सेकंदांना सुमारे एक, या गतीने होणारी वरखाली हालचाल सर्वांत त्रासदायक ठरते, असे प्रयोगांत आढळले आहे. आता गंमत पाहा. खोल समुद्रात लाटेची मीटरमधील लांबी काढायची, तर तिच्या आवर्तकालाच्या वर्गाला १.५६ ने गुणावे. पाच सेकंदांच्या लाटेची लांबी येते सुमारे ३९ मीटर. दोनशे दहा मीटरचे जहाज अशा पाच लाटांवर एकाच वेळी पहुडलेले असते. एक लाट उचलते, शेजारचा खळगा खाली सोडतो, आणि जहाज जवळजवळ स्थिर राहते. छोटी नाव मात्र प्रत्येक लाटेबरोबर चढते-उतरते. मोठ्या जहाजाच्या आरामाचे हे पहिले रहस्य. पण बारा सेकंदांच्या लाटेची लांबी सुमारे २२५ मीटर भरते, आणि तिच्यापुढे हे जहाजही डोलू लागते. अशा वेळी सी-सॉप्रमाणे दोन्ही टोके सर्वांत जास्त हलतात. मधल्या भागातल्या खालच्या मजल्यावरचा प्रवासी सुखी असतो.

उलटत का नाही?

जहाजाचे वजन त्याच्या गुरुत्वमध्यातून खाली ओढते. पाण्याचे उत्प्लावक बल पाण्यात बुडालेल्या भागाच्या मध्यातून वर ढकलते. जहाज उजवीकडे कलले की उजवीकडचा अधिक भाग पाण्यात जातो, आणि उत्प्लावक बलही उजवीकडे सरकते. या बलाची उभी रेषा जहाजाच्या मध्यरेषेला जेथे छेदते, त्या बिंदूला 'मेटासेंटर' म्हणतात. हा बिंदू गुरुत्वमध्याच्या वर असेल, तर दोन्ही बले मिळून जहाजाला पुन्हा सरळ करतात. तो खाली असेल, तर तीच बले जहाजाला उलटवतात.

जहाज रुंद असले की मेटासेंटर वर जातो. इंजिने, इंधन आणि पाण्याच्या टाक्या तळाशी असल्याने गुरुत्वमध्य खाली राहतो. वरचे मजले म्हणजे बव्हंशी हवाच.

आराम की स्थैर्य?

तर मग मेटासेंटर गुरुत्वमध्याच्या खूप वर ठेवावा, म्हणजे काळजीच नको, असे तुम्ही म्हणाल. येथेच खरी अडचण आहे. जहाजाच्या एका पूर्ण हेलकाव्याला लागणारा काळ, म्हणजे दोलनकाल, ढोबळमानाने असा काढतात: मीटरमधील रुंदीला ०.८ ने गुणावे, आणि मेटासेंटर गुरुत्वमध्यापासून जितके मीटर वर असेल त्या संख्येच्या वर्गमुळाने भागावे.

तीस मीटर रुंद जहाजात हे अंतर १.५ मीटर धरले, तर दोलनकाल सुमारे २० सेकंद येतो. अंतर ६ मीटर केले, तर तो सुमारे १० सेकंदांवर येतो. दोलनकाल निम्मा झाला की तेवढ्याच कोनातून डोलताना प्रवाशाला जाणवणारे त्वरण चौपट होते. असे 'फार स्थिर' जहाज झटके देत सरळ होते. कपबशा फुटतात, माणसे पडतात. याउलट, संथ डोलणारे जहाज सुखाचे असते, पण ते स्वतःला सावरणार कमी जोराने. म्हणून जहाज बांधणाऱ्याला आराम आणि स्थैर्य यांचा मेळ घालावा लागतो.

यासाठी पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंख बसवतात. जहाज एका बाजूला कलू लागताच ते विरुद्ध दिशेने जोर लावतात. मात्र विमानाच्या पंखांप्रमाणे त्यांनाही वेग हवा. जहाज थांबले की सामान्यतः त्यांचा उपयोग होत नाही. टाक्यांमधील पाणी एका बाजूला धावू नये म्हणून मध्ये पडदे घालतात. टाकीचे रुंदीत तीन समान भाग केले, तर हलत्या पाण्याचा दुष्परिणाम नवव्या भागावर येतो! परातीतून आणि तेवढेच पाणी चार पेल्यांतून नेऊन पाहा, म्हणजे पटेल.

माणसे एका बाजूला धावली तर?

१७ जुलै १९४७ रोजी 'रामदास' ही बोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. पावसाळी वादळात एका मोठ्या लाटेने ती कलली, घाबरलेले प्रवासी दुसऱ्या बाजूला धावले आणि बोट उलटली, असे सांगितले जाते. सहाशेहून अधिक माणसे बुडाली.

हे गणिताने समजून घेऊ. पुढचे आकडे केवळ उदाहरणासाठी धरलेले आहेत. प्रवाशांसह ५०० टनांची एक बोट घेऊ. साठ किलोंचे ७०० प्रवासी, म्हणजे ४२ टन, तीन मीटर सरकले, तर बोटीचा गुरुत्वमध्य ४२ × ३ ÷ ५००, म्हणजे सुमारे २५ सेंटिमीटर सरकतो. मेटासेंटर ७५ सेंटिमीटर वर असेल, तर बोट १८ अंशांहून अधिक कलते. त्यात लाटेचा धक्का मिळाला की संपलेच. आता २०,००० टनांचे जहाज घ्या. त्यातले १,८०० प्रवासी दहा मीटर सरकले, तरी गुरुत्वमध्य जेमतेम साडेपाच सेंटिमीटर सरकतो, आणि मेटासेंटर १.५ मीटर वर असल्यास जहाज सुमारे २ अंश कलते.

म्हणून मोठ्या जहाजाला गर्दीचे भय कमी. पण पाणी आत शिरले की तेही असहाय होते. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीजवळ 'कोस्टा काँकॉर्डिया' खडकावर आपटून कलले. चार हजारांहून अधिक माणसांपैकी ३२ दगावली. त्याच दिवशी चढलेल्या प्रवाशांची संकटकालीन कवायत तोवर झालेली नव्हती. आता निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणी ती घ्यावीच लागते.

करून पहा

बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा डबा पाण्याच्या टबात तरंगत ठेवा. तळाशी मध्यभागी काही खडे ठेवून डबा हलकेच कलवा, सोडा आणि दहा हेलकाव्यांचा वेळ मोजा. आता तेच खडे पुठ्ठ्याच्या उंच खोक्यावर ठेवून खोके डब्याच्या मध्यभागी बसवा. हेलकावे मंद होतील. खडे आणखी उंच नेत राहा. एका क्षणी डबा सावरणारच नाही.

उद्या एखाद्या धरणाच्या जलाशयात नावेत बसाल, तेव्हा हा डबा आठवा. उभे राहिलात की गुरुत्वमध्य वर जातो, सारे एका काठाला गेलात की तो बाजूला जातो. खाली बसा, वाटून बसा, जीवरक्षक जाकीट घाला आणि नावाड्याचे ऐका. नाव जितकी लहान, तितके तिचे स्थैर्य प्रवाशांच्या हाती.