ढगाखालची राख

कागद वाचला की झाड वाचले, असे आपण सहज म्हणून जातो. अर्ज संगणकावर गेले, बँकेची रांग फोनमध्ये शिरली, म्हणजे देशही आपोआप स्वच्छ होत चालला, असा समज त्यामागे असतो. तो कितपत खरा आहे, हे तपासायला युरोपातले तीन छोटे देश पुरेसे आहेत. तिघांसमोर ध्येय एकच: २०५० पर्यंत हवामान तटस्थता, म्हणजे जेवढे हरितगृह वायू सोडायचे तेवढे शोषून घेण्याचीही सोय करायची.

पहिला एस्टोनिया. लोकसंख्या सुमारे तेरा लाख. २००१ पासून तिथली सरकारी खाती एका सामायिक व्यवस्थेतून माहितीची देवाणघेवाण करतात आणि २००५ मध्ये देशभर इंटरनेटवरून मतदान घेणारा तो जगातला पहिला देश ठरला. पण हे सारे चालवणारी वीज कुठली? ईशान्येकडच्या नार्वा शहराजवळ तेलयुक्त शेल खडक जाळून ती तयार होई. हे इंधन दगडी कोळशापेक्षाही अधिक कार्बन सोडते आणि मागे राखेचे डोंगर ठेवते. म्हणजे कारभार एकविसाव्या शतकातला आणि भट्टी विसाव्या शतकातली, अशी स्थिती कित्येक वर्षे होती. २०१९ मध्ये या विजेचे उत्पादन एकदम घसरले, ते संगणकामुळे नव्हे. युरोपीय संघात कार्बन सोडण्याच्या परवान्यांचे दर चढले आणि खडक जाळणे परवडेनासे झाले.

दुसरा आयर्लंड. थंड हवा, कमी कर, इंग्रजी भाषा. जगातल्या बड्या कंपन्यांची डेटा सेंटर डब्लिनभोवती उभी राहिली. आपण ज्याला कौतुकाने ‘क्लाऊड’ म्हणतो, तो ढग प्रत्यक्षात अशा इमारतींत रात्रंदिवस वीज पीत बसलेला असतो. तिथल्या सांख्यिकी कार्यालयाच्या आकड्यांनुसार २०१५ मध्ये या केंद्रांचा वीजवापर देशाच्या ५ टक्के होता. २०२३ मध्ये तो २१ टक्के झाला. शहरांतल्या सगळ्या घरांच्या वापराहूनही जास्त. पवनचक्क्या वाढल्या, पण त्यांनी मिळवलेले बरेचसे या नव्या भुकेने खाल्ले.

हे कोडे जुने आहे. १८६५ मध्ये विल्यम स्टॅनली जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने दाखवून दिले होते की, वाफेचे इंजिन काटकसरी झाल्यावर ब्रिटनमधला कोळशाचा खप घटला नाही, उलट वाढला. जे स्वस्त आणि सोपे होते, ते माणूस जास्त वापरतो. एक छायाचित्र साठवायला नगण्य वीज लागते, म्हणूनच तर आपण हजारो साठवतो.

मग डिजिटल प्रगतीचा उपयोगच नाही का? आहे, आणि तो तिसऱ्या देशात, डेन्मार्कमध्ये दिसतो. तिथली निम्म्याहून अधिक वीज वाऱ्यापासून येते. वारा लहरी, कधी भरपूर, कधी पडलेला. त्याचा अंदाज बांधणे, तासातासाचे दर ठरवणे, मागणी त्याप्रमाणे मागेपुढे करणे, हे संगणकाविना जमणारे नाही. परीकथाकार अँडरसनच्या ओडेन्स या जन्मगावी तर डेटा सेंटरमधून बाहेर पडणारी उष्णता नळांवाटे घरे उबदार ठेवण्यासाठी नेली जाते. पण हे साधले, कारण गावात उष्णता वाहून नेणाऱ्या सामायिक नळांचे जाळे आधीच होते.

तिन्ही उदाहरणे एकत्र ठेवली की माझ्या मते एवढेच हाती येते: डिजिटल साधने मोजतात, जुळवतात, वेग देतात, चुलीत काय घालायचे ते मात्र ठरवत नाहीत. ते कर, कायदे आणि सार्वजनिक गुंतवणूक ठरवतात.

भारताने निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी २०७० हे वर्ष धरले आहे. देशातला डेटा सेंटरचा सर्वांत मोठा पसारा मुंबई-नवी मुंबई परिसरात आहे. ऐरोली-महापेच्या रस्त्यावरून जाताना त्या इमारती दिसतात. त्यांना वीज कुठून येणार आणि तिची किंमत कोण मोजणार, हे आयर्लंडने उशिरा विचारलेले प्रश्न आपल्याला आजच विचारता येतील.