कारक अध्ययन, क्रीडेतील

शरीराच्या हालचालींवर अवलंबून असणारी कौशल्ये सरावाने आत्मसात होऊन दीर्घकाळ टिकण्याची प्रक्रिया. धावणे, फेकणे, झेलणे, पोहणे, कबड्डीतील चढाई व पकड इ. क्रीडाकौशल्ये या प्रक्रियेने साध्य होतात. टंकलेखन, सूतकताई यांसारखी कौशल्येही याच वर्गात मोडतात. ही प्रक्रिया प्रत्यक्ष दिसत नाही. खेळाडूच्या कामगिरीवरून तिचे अनुमान करावे लागते. मात्र सरावाच्या वेळची कामगिरी व खरे अध्ययन यांत फरक असतो, हे या शास्त्रातील मूलभूत सूत्र होय. सायंकाळी सलग पन्नास वेळा बिनचूक जमलेली क्रिया दुसऱ्या दिवशी किंवा सामन्यात जमेलच, असे नाही. म्हणून काही काळ लोटल्यानंतर घेतलेली धारणा-चाचणी आणि बदललेल्या परिस्थितीत घेतलेली संक्रमण-चाचणी या अध्ययनाच्या कसोट्या मानल्या जातात.

विकास : ब्रायन व हार्टर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी तारायंत्र चालविणाऱ्यांच्या प्रगतीचा अभ्यास १८९७ मध्ये प्रसिद्ध केला. प्रगती काही काळ थांबल्यासारखी दिसण्याच्या ‘पठारावस्थे’कडे त्यांनी लक्ष वेधले. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२७ मध्ये डोळे बांधून ठराविक लांबीच्या रेषा काढण्याच्या प्रयोगातून दाखविले, की आपल्या कृतीचा परिणाम कळल्याशिवाय नुसत्या पुनरावृत्तीने सुधारणा होत नाही. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय बर्नस्टाइन यांनी १९२०–३० च्या दशकात छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कुशल कामगारांच्या हालचाली मोजल्या. हातोड्याचा घाव अचूक बसत असला, तरी खांदा, कोपर व मनगट यांची हालचाल प्रत्येक वेळी थोडी निराळी असते, असे त्यांना आढळले. सराव म्हणजे एकच हालचाल घोकणे नव्हे, तर एकच प्रश्न पुनःपुन्हा सोडविणे होय, हा त्यांचा निष्कर्ष आजही महत्त्वाचा मानला जातो.

अवस्था : फिट्स व पोस्नर यांनी १९६७ मध्ये कौशल्यप्राप्तीच्या तीन अवस्था मांडल्या. पहिल्या अवस्थेत शिकणारा काय करावयाचे ते समजून घेतो. चुका पुष्कळ व ढोबळ असतात. दुसऱ्या अवस्थेत हालचालींची सांगड बसते व चुका घटतात. तिसऱ्या अवस्थेत क्रिया जवळजवळ आपोआप घडते व खेळाडूचे लक्ष डावपेचांसाठी मोकळे राहते.

सरावाची मांडणी : एकच क्रिया सलग करून मग दुसरीकडे वळणे, हा गटवार सराव, निरनिराळ्या क्रिया आलटूनपालटून करणे, हा मिश्र सराव. शे व मॉर्गन यांच्या १९७९ च्या प्रयोगात हाताच्या तीन हालचाली शिकताना गटवार सराव करणारे सरावाच्या वेळी पुढे होते. परंतु दहा दिवसांनंतरच्या चाचणीत मिश्र सराव करणारे सरस ठरले. गुड व मगिल यांनी १९८६ मध्ये बॅडमिंटनच्या तीन प्रकारच्या सर्व्हिस नवशिक्या खेळाडूंना शिकविताना असाच परिणाम नोंदविला. मिश्र सरावात प्रत्येक वेळी कृतीची जुळणी मनात नव्याने करावी लागते. तिला पडणारे हे कष्टच धारणा पक्की करतात, असे यामागील स्पष्टीकरण आहे.

एकाच कौशल्यातील अंतर, वेग वा दिशा बदलत ठेवणेही उपयुक्त ठरते. कर व बूथ यांच्या १९७८ च्या प्रयोगात आठ वर्षांच्या मुलांपैकी काहींनी लहान पिशवी तीन फुटांवरील लक्ष्यावर फेकण्याचा सराव केला, तर काहींनी दोन व चार फुटांवरून. नंतर तीन फुटांवरच चाचणी घेतली असता दुसरा गट अधिक अचूक ठरला. हे निष्कर्ष रिचर्ड श्मिट यांच्या १९७५ मधील उपपत्तीशी जुळणारे आहेत : मेंदू सुट्या हालचालींचा साठा करीत नाही, तर त्यांच्यामागील सामान्य आराखडा बनवितो.

सरावाच्या वेळेची विभागणीही महत्त्वाची असते. बॅडली व लाँगमन यांनी १९७८ मध्ये ब्रिटिश टपाल कर्मचाऱ्यांना टंकलेखन शिकविले. रोज एक तास सराव करणारे रोज चार तास सराव करणाऱ्यांपेक्षा कमी एकूण तासांत तयार झाले. तथापि सर्वांत असमाधानी तेच होते, कारण त्यांना दिवस अधिक लागले. विभागलेल्या सरावामुळे विश्रांती व झोप यांच्या काळात स्मृती दृढ होण्यास अवसर मिळतो.

परिणामज्ञान : कृतीतूनच मिळणारी माहिती व बाहेरून, उदा., मार्गदर्शकाकडून, मिळणारी माहिती असे याचे दोन प्रकार आहेत. वर्धा येथे २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या शिक्षण परिषदेतून हस्तव्यवसायकेंद्रित नई तालीमची योजना पुढे आली व सेवाग्राम हे तिचे केंद्र बनले. तिचा उद्देश व्यापक होता. परंतु टकलीवरील कताई हे पहिल्या प्रकाराचे बोलके उदाहरण होय. पीळ व ओढ यांचा मेळ चुकला, की धागा तुटतो आणि कोणी न सांगता चूक हाताला कळते. मार्गदर्शकाने प्रत्येक प्रयत्नानंतर सूचना दिल्यास शिकणारा तिच्यावर विसंबतो. विन्स्टाइन व श्मिट यांच्या १९९० च्या प्रयोगांत निम्म्याच प्रयत्नांनंतर माहिती मिळालेल्यांची धारणा अधिक चांगली आढळली. गॅब्रिएल वुल्फ व त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९९८ पासूनच्या संशोधनानुसार स्वतःच्या अवयवांपेक्षा लक्ष्यावर अथवा साधनावर लक्ष ठेवणे बहुधा हितकारक असते.

अध्ययन-संक्रमण : कौशल्य ज्या परिस्थितीत वापरावयाचे, तिच्याशी सरावाचे साम्य जितके अधिक, तितके संक्रमण सुलभ होते. मातीच्या आखाड्यात तयार झालेले खाशाबा जाधव यांना १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅटवरील कुस्ती व तिचे आंतरराष्ट्रीय नियम अपरिचित होते. तेथे ते सहावे आले. त्यानंतरच्या तयारीनंतर १९५२ मध्ये हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक मिळविले. या यशाची कारणे अनेक असली, तरी मातीवरून मॅटवर जाताना कौशल्याची नव्याने जुळणी करावी लागते, हे यावरून ध्यानात येते. मातीवर खेळून मॅटवरील स्पर्धेत उतरणाऱ्या ग्रामीण कबड्डी व खो-खो खेळाडूंपुढे हाच प्रश्न असतो.

उपयोजन व मर्यादा : वर्धा जिल्ह्यासारख्या ठिकाणी, जेथे उन्हाळ्यात तापमान ४५° से.च्या वर जाते, तेथे सकाळी व सायंकाळी अल्प मुदतीचा सराव आरोग्याच्या व अध्ययनाच्या अशा दोन्ही दृष्टींनी योग्य होय. खो-खोमध्ये खांबाजवळचे वळण, खो देणे व हुलकावणी यांचा सुटा सराव ओळख होईपर्यंत पुरेसा असतो. पुढे त्यांची सरमिसळ करून प्रत्यक्ष पाठलागात त्यांचा सराव घ्यावा. सूचना देण्यापूर्वी ‘काय चुकले?’ असे खेळाडूलाच विचारावे. प्रगतीची नोंद सरावाच्या अखेरीस नव्हे, तर पुढील सरावाच्या प्रारंभीच्या प्रयत्नांवरून करावी.

प्रयोगशाळेच्या तुलनेत मैदानावर मिश्र सरावाचा लाभ कमी दिसतो, असे ब्रेडी यांच्या २००४ च्या आढाव्यात आढळले. अगदी नवशिक्यांना व लहान मुलांना आरंभी सोपा, गटवार सराव मानवतो. ग्वाडान्योली व ली यांनी २००४ मध्ये प्रतिपादन केल्याप्रमाणे सरावाची अवघडता शिकणाऱ्याच्या कुवतीनुसार वाढवीत न्यावी. मिश्र सरावात चुका अधिक दिसतात. त्यावरून खेळाडूत उपजत गुण नाहीत, असे ठरवून त्याला वगळणे हा त्याच्यावर अन्याय ठरतो. साधने व वेळ मर्यादित असलेल्या शाळांत तर अशा चुकीच्या मूल्यमापनाचे नुकसान सहसा भरून निघत नाही.